तारमास्तर ओव्हरलॉक ओवतात

"झबलं ना? अगं, ते केव्हाच झालंय! इस्त्री करून कपाटात ठेवलंय. तू बाळाला घेऊन ये तर खरी!"

तारमास्तरांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं, फोन ठेवला आणि मग त्यांना दरदरून घाम फुटला. कारण झबलं झालेलं नव्हतं, इस्त्रीचा तर प्रश्नच नव्हता, आणि लेक संध्याकाळच्या गाडीने येऊन थडकणार होती!

झबलं बाहेरच्या खोलीत होतं, ओव्हरलॉक मशीनच्या सुईखाली, अर्धवट शिवलेलं. मशीनवर खोळ होती. ती तारमास्तरांनीच घातली होती, बायको गेली त्या आठवड्यात. त्यानंतर त्या खोळीला कुणी हात लावला नव्हता.

बायको घरी शिवणकाम करायची. एक साधं मशीन होतं आणि दुसरं हे ओव्हरलॉक. कापडाचे सुटे धागे निघू नयेत म्हणून कड कापायची, शिवायची आणि वरून गुंफायचीही, ही तिन्ही कामं एका दमात करणारं यंत्र. त्याला चार दोरे लागत आणि ते पोटातल्या कुठल्या कुठल्या आकड्यांतून, भोकांतून, तबकड्यांतून फिरत फिरत सुयांपर्यंत येत. बायको एरवी घरातली कुठलीही वस्तू नवऱ्याच्या हाती द्यायची, पण या मशीनजवळ ते नुसते उभे राहिले तरी तिचा आवाज चढायचा.

"अहो, माझ्या ओव्हरलॉकला हात लावायचा नाही हं! सांगून ठेवते!"

तारमास्तरांना हे फार लागायचं. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडल्या होत्या. रस्त्यात खड्डा खणायचा, त्यात मांडी ठोकून बसायचं आणि मनगटाएवढ्या जाड केबलीतल्या केसासारख्या तारा रंगावरून ओळखून एकीला एक जोडायच्या! ज्याने अर्ध्या गावाला बोलतं केलं, त्याला चार दोऱ्यांची भीती दाखवायची? तारमास्तर हे नाव त्यांना बायकोनेच दिलं होतं, तेही चेष्टेत, एकदा त्यांनी चालता मिक्सर उघडून कायमचा बंद पाडला तेव्हा. पुढे सगळ्या गल्लीने ते उचललं आणि चेष्टा कोणती होती हे त्यांच्याखेरीज सगळे विसरले.

त्या दुपारी ती हेच झबलं शिवत होती. लेक लहानपणी ज्या चादरीवर झोपायची, ती निळ्या चिमण्यांची चादर तिने जपून ठेवली होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. बरीचशी विरली होती, जेमतेम एका झबल्यापुरतं धड कापड निघालं. बाळाच्या अंगावर पहिलं झबलं आजीच्या हातचं घालायचं, असं मायलेकींचं फोनवर ठरलं होतं. एका बाजूची शिलाई झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि ती उठली.

"अहो, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय. पाणी पिऊन आलेच."

ती स्वयंपाकघरात गेली, तिथून दवाखान्यात गेली, आणि आली नाही. बाळ त्यानंतर जन्मलं.

तर असं सगळं होतं. तारमास्तरांनी खोळ उचलली. झबल्यात सुया तशाच रुतलेल्या होत्या. मग त्यांनी नाक पुसलं, बाह्या सरसावल्या आणि मोठ्याने म्हणाले, "वीतभर तर शिलाई राहिलीये! असा पाय दाबला की झालं!"

पाय दाबला. मशीन गुरगुरलं आणि टक्! उजवीकडचा दोरा तुटला.

खड्ड्यातली शिस्त सांगते की एक तार गेली की सगळी लाइन उपसून नव्याने टाकायची. तारमास्तरांनी झबलं अलगद सोडवून टेबलावर ठेवलं आणि चारही दोरे रिळांपाशी कापून पार मुळापासून सरसर ओढून काढले. हातभर लांबीचे चार तुकडे निघाले. तारेचा तुकडा टाकायचा नसतो, ही दुसरी शिस्त. ते त्यांनी पुठ्ठ्यावर नीट गुंडाळून आपल्या जुन्या तारांच्या डब्यात ठेवले. आता मशीन कसं लख्ख, मोकळं!

मग त्यांनी मशीनचं पुढचं दार उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुयांच्या खाली दोन वाकडे लोखंडी हात डोलत होते, दोघांनाही भोकं होती आणि दोघांच्याही वाटेत आकडेच आकडे होते! कुठला दोरा कुठून जातो हे कळावं म्हणून आत रंगीत ठिपके होते, पण वर्षानुवर्षांच्या तेलाने ते सगळे एकाच रंगाचे झाले होते, काळ्या चहाच्या.

"त्यात काय," तारमास्तर स्वतःशी म्हणाले. पण त्यांनी लगेच मेव्हण्यांना फोन लावला.

मेव्हणे म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, निवृत्त दंतवैद्य. पलीकडच्याच गल्लीत राहायचे, तरी बहीण गेल्यापासून या घरी येणं त्यांनी कमी केलं होतं. आले की डोळे आपोआप शिवणाच्या कोपऱ्याकडे जायचे, म्हणून. आज मात्र ते धावत आले, आणि येताना जुनी पेटी घेऊन आले. पेटीत बारीक चिमटे, कपाळावर बांधायचा दिवा आणि काडीच्या टोकाचा छोटा आरसा!

"सरका भाऊजी. बघू जरा." मेव्हण्यांनी दिवा लावला, मशीनपुढे वाकले आणि सवयीने म्हणाले, "आ करा!"

"ते कसलं आ करतंय! दार उघडलंय मी."

"हं. दाते झिजलेत, पण घट्ट आहेत. हिरडी... म्हणजे ही पट्टी ठीक. आणि हा खालचा डावा कोपरा? फार अडचणीची जागा. इथे त्रास असणारच."

"अहो डॉक्टर, निदान नको, दोरा घाला!"

मग जे सुरू झालं ते दुपार उतरेपर्यंत संपेना. खालच्या हाताचा दोरा चिमट्याने धरून आत सारायचा, आरशात बघायचं आणि आरशात डावं ते उजवं दिसत असल्यामुळे नेमका उलटीकडे सारायचा! एकदा चिमटाच आत पडला. तो काढायला दुसरा चिमटा घातला, तर त्याने पहिल्याला धरलं आणि दोघंही अडकले. एकदा दोरा ओवला गेला, दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि मग कळलं की ओवला तो मेव्हण्यांच्या शर्टाच्या बाहीचा निघालेला धागा! चारही दोरे बसले की तारमास्तर पाय दाबत आणि मशीन म्हणे टक्! पुन्हा पहिल्यापासून!

"ताई हे कसं करायची हो रोज?" मेव्हणे घाम पुसत म्हणाले. "मला तर ती कधी दोरा ओवताना दिसलीच नाही."

"मलाही नाही. हातात कला होती तिच्या. हे तर डोळे मिटून करत असणार ती."

मेव्हणे पुन्हा आरशात डोकावले. "भाऊजी, आपण दर वेळी खालचा हात आधी ओवतोय. आता वरचा आधी ओवू या. खालचा मग, आणि सुया सगळ्यात शेवटी."

तसं केलं. तारमास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. मशीन गुरगुरलं, टक् झालं नाही, आणि मागून दोऱ्यांची नाजूक, एकसारखी वेणी बाहेर येऊ लागली! बोटभर, वीतभर, हातभर!

तारमास्तर खुर्चीवरून उडालेच. मान वळवून स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी आरोळी ठोकली, "अगं ए! जमलं बघ! बाहेर ये!"

'पुरे झालं कौतुक, आधी हात धुवा ते तेलाचे' असं आतून कुणीतरी म्हणायला हवं होतं. या घरात तीच त्यांना 'अहो' म्हणायची, आणि एवढी मोठी फत्ते झाल्यावर ते ऐकायला मिळणार नाही हे तारमास्तरांना त्या क्षणी, तोंड उघडं असतानाच कळलं. मेव्हण्यांनी कपाळावरचा दिवा विझवला आणि उगाच तो रुमालाने पुसत बसले.

"आधी दुसऱ्या कशावर तरी चालवून बघा," मग ते म्हणाले. "एकदम झबल्यावर नको."

हे तारमास्तरांनाही पटलं. फळीवर समोरच्या वहिनींचा पडदा होता. वहिनींनी तो कडा मारायला दिला आणि त्याच आठवड्यात हे सगळं घडलं. मग पडदा परत मागणार तरी कोणत्या तोंडाने? त्या बिचाऱ्यांनी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं आणि दर रविवारी ते बदलत होत्या. गल्लीतल्या लोकांना ताजी बातमी त्यांच्या खिडकीवर वाचायला मिळायची! आता या पडद्याची कड मारली की चाचणीही होईल आणि बायकोकडे राहिलेलं कामही फिटेल, असा दुहेरी बेत तारमास्तरांनी आखला.

पडदा चांगला लांबरुंद आणि जाड होता. तो त्यांनी टेबलावर टाकला, एक टोक मशीनला दिलं आणि पाय दाबला तो सोडलाच नाही! घर्रर्र!

"भाऊजी, सरळ! सरळ जाऊ द्या!"

"सरळच चाललंय! बघा कशी कड येतेय! बघा तरी!"

आवाज ऐकून समोरच्या वहिनी दारात आल्या. इतक्या दिवसांत हे मशीन चालताना त्यांनी ऐकलं नव्हतं. उंबऱ्याशी त्यांचे पाय थबकले आणि चेहरा एकदम उतरला, कोण बसलंय असं वाटलं कुणास ठाऊक! मग तारमास्तर दिसले, पाठोपाठ पडदा दिसला.

"अगंबाई, माझा पडदा! कशाला एवढा त्रास घेतलात, मला काही घाई नव्हती हो!"

"घाई नव्हती म्हणजे? ही घ्या कड! दुकानात मिळणार नाही अशी कड!" तारमास्तरांनी पडदा झोकात उचलून दाखवला.

कड खरंच सुरेख आली होती. फक्त पडद्याच्या खालच्या अंगाला आणखी काहीतरी लोंबत होतं. आणि मशीनचं पातं कडेचं जे कापड कापून खाली टाकतं, त्या कातरणात, वहिनींच्या पायाशी, एक इवलीशी बाही पडली होती. बाहीवर निळ्या चिमण्या होत्या. पडद्यावर तर चिमण्या नव्हत्या!

पडद्याखाली टेबलावर झबलं राहून गेलं होतं. ते पडद्याबरोबर आत गेलं, पडद्याला पक्कं शिवलं गेलं आणि पात्याने त्याची एक बाही कोपरापासून साफ उतरवली. चाचणी ज्याला जपण्यासाठी केली, नेमकं तेच कापलं गेलं!

तारमास्तर खाली बसले. त्यांनी ती बाही उचलली आणि तळहातावर ठेवली. तळहातही पुरता झाकला जात नव्हता एवढी होती ती.

"एवढं एकच राहिलं होतं तिच्या हातचं," ते म्हणाले. "आणि मी ते कापून टाकलं."

"पडदा फाडा!" वहिनी एकदम ओरडल्या. "बघत काय बसलात डॉक्टर, फाडा तो मेला पडदा! झबल्याला धक्का लागता कामा नये!"

मेव्हण्यांनी पेटीतली बारीक कात्री काढली आणि जन्मात कुठली दाढ इतक्या हळुवारपणे काढली नसेल अशा हाताने झबलं पडद्यातून सोडवलं. सोडवून होतं न होतं तोच बेल वाजली.

दारात लेक होती. खांद्याला पिशवी आणि छातीशी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, गाढ झोपलेलं. समोर काय, तर दोन्ही हात पाठीमागे धरलेले वडील, कपाळाला दिवा बांधलेला मामा आणि भोकं पडलेला पडदा पोटाशी धरून रडणाऱ्या समोरच्या काकू!

"काय झालं? बाबा, बरे आहात ना?" लेकीने घाबरून विचारलं. मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली आणि तिचा आवाज खाली आला. "खोळ काढलीत तुम्ही?"

तारमास्तरांनी हात पुढे केले. एका हातात झबलं आणि दुसऱ्या हातात बाही.

"झालेलं नव्हतं गं ते. मी थाप मारली. म्हटलं, तू यायच्या आत वीतभर शिलाई मारून टाकू. आणि हे असं करून बसलो."

लेकीने झबलं घेतलं आणि गालाला लावलं. तारमास्तरांना ते बघवेना. मग काहीतरी चांगलं सांगायला हवं म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "पण मशीन मी ओवलं हं! विचार मामाला! चारही जुने दोरे उपसून काढले आणि पहिल्यापासून नवे ओवले. तुझ्या आईसारखे!"

"उपसून काढलेत?" लेकीने मान वर केली. "सगळे?"

"मुळापासून!"

लेक खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी येऊ बघत होतं. "बाबा, आईने ते मशीन कधीच ओवलं नाही. तिला यायचंच नाही ते!"

"काहीतरी काय बोलतेस! रोज चालायचं ते!"

"मशीन घेतलं तेव्हा दुकानदाराने ओवून दिलं होतं, तेवढंच. दोरा संपत आला की आई तो रिळाजवळ कापायची, नव्या रिळाचा दोरा त्याला गाठ मारून जोडायची आणि पुढून ओढून घ्यायची. जुन्याच्या मागोमाग नवा आपोआप सगळ्या आकड्यांतून यायचा. एकदा मधेच तुटला, तर रिक्षात घालून अख्खं मशीन दुकानात नेलं होतं तिने. मी होते बरोबर."

"दुकानात? अगं, मग मी काय मेलो होतो? मी होतो ना घरात!"

"म्हणून तर दुकानात नेलं!"

वहिनींना त्यातही हसू फुटलं. तारमास्तर मात्र खिळल्यासारखे उभे होते. जोड! आयुष्यभर खड्ड्यात बसून त्यांनी दुसरं केलं काय होतं? आणि जुन्याला नवा जोडावा एवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दुकानदाराने ओवलेल्या दोऱ्याला जोडत जोडत तिने इतक्या वर्षांचे कपडे शिवले होते, लेकीचे परकर, शाळेचा गणवेश, लग्नातला ब्लाउज, आणि ती सबंध लाइन आज त्यांनी स्वतःच्या हाताने उपसली होती.

"पण हे असं गाठ मारायचं तिला सुचलं कसं?" मेव्हण्यांनी विचारलं.

लेक वडिलांकडे बघत राहिली. "बाबा, आपल्या दाराच्या बेलची वायर खराब झाली होती, आठवतंय? तुम्ही भिंत न फोडता जुन्या वायरला नवी बांधलीत आणि दुसरीकडून ओढून घेतलीत. आई खाली स्टूल धरून उभी होती. तिथे बघून शिकली ती. मला म्हणाली, तुझे बाबा फार हुशार आहेत गं, पण त्यांना सांगू नकोस. उगाच फुगून बसतील, आणि माझं मशीन उघडतील."

तारमास्तरांनी ऐकलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बेलकडे पाहिलं. "एकदा सांगायचं तरी," ते कुणाला तरी म्हणाले. "नसतं उघडलं मी."

बाळाने झोपेतच तोंड वाकडं केलं. लेकीने त्याला मांडीवर घेतलं, झबलं गुडघ्यावर पसरलं आणि बाही जिथली होती तिथे लावून पाहिली. "बसेल. हाताने टाके घालू. शिलाईही अर्धीच तर राहिलीये." मग ती थांबली. "बाबा, ते जुने दोरे टाकलेत?"

"मी तुकडा टाकीन?" तारमास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले आणि डबा घेऊन आले. पुठ्ठ्यावर गुंडाळलेले चार दोरे, हातहातभर. त्या दुपारी ती उठली तेव्हा ते मशीनमध्ये होते. एका झबल्याला तेवढे खूप झाले.

"मग आईच्याच दोऱ्याने होऊ दे. माझे हात बाळाने अडवलेत. सुई ओवून देता?"

"सुई?" तारमास्तर ताठ झाले. "अगं, चार दोऱ्यांचं मशीन ओवलंय मी! साधी सुई काय!"

वहिनींनी सुई दिली. एक सुई, एक भोक, एक दोरा. तारमास्तरांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई खिडकीकडे धरली आणि नेम धरला. चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. बाहेर अजून चांगला उजेड होता, मेव्हण्यांनी तरीही कपाळावरचा दिवा लावला आणि जवळ येऊन उभे राहिले. भोक काही दिसेना. सुई होती तिथे नुसतं पाणी पाणी दिसत होतं.

"भोक बुजलंय हिचं," तारमास्तर म्हणाले. "सुईच खराब आहे. दुसरी द्या."

वहिनींनी दुसरी सुई दिली. तिचंही भोक बुजलेलं निघालं.